सहा आवाजांचे यंत्र



व्याख्यात्यांच्या यादीत माझे नाव पाहून आपल्यापैकी पुष्कळांनी अशी अटकळ बांधली असेल की, आज कामगार-कायद्यांवर काहीतरी ऐकून घ्यावे लागणार. चालकांनीही मला तोच विषय सुचवला होता. त्यांची क्षमा मागून मी तो बदलून घेतला. गेली तीस वर्षे मी किमान वेतन, बोनस आणि प्रॉव्हिडंट फंड यांवर बोलत आलो आहे आणि पुढेही बोलणारच आहे. त्यातून माझी सुटका नाही, मालकांचीही नाही. पण आज टेबलावर हे जे काळे, लांबट, पेटीसारखे यंत्र आपण पाहता आहात, त्याच्याविषयी मला बोलायचे आहे. याचे नाव रोलँड ज्युनो-१०६. जपानी बनावटीचा हा सिंथेसायझर १९८४ साली बाजारात आला. म्हणजे संगणकाच्या हिशेबाने तो पणजोबा आणि तंबोऱ्याच्या हिशेबाने तान्हे मूल.

मी संगीत शिकलेला माणूस नाही. शिक्षण म्हणाल तर नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा रागदारीत कुठे चूक झाली तर समोर जाणकार बसले आहेत, त्यांनी खुशाल दुरुस्त करावे. विजेच्या बाबतीत मात्र मी सहजासहजी ऐकणार नाही.

प्रथम हे यंत्र करते काय ते सांगतो. सतारीची तार छेडली की हवा हलते. बासरीत फुंकर घातली की हवा हलते. येथे हलणारी वस्तू म्हणजे विजेचा दाब. तो सेकंदाला जितक्या वेळा वरखाली होईल तितका स्वर उंच, आणि त्या वरखाली होण्याचा आकार जसा असेल तसा स्वराचा रंग. करवतीच्या दात्यांसारखा आकार दिला तर कर्कश, भरगच्च आवाज निघतो. चौकोनी दिला तर पोकळ, पाव्यासारखा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग नावाच्या लहानशा गावी रॉबर्ट मूग या तंत्रज्ञाने १९६४ साली हर्बर्ट डॉइश या संगीतकाराच्या संगतीने या विद्येचा नमुना तयार केला. त्याने एक सोपा नियम पक्का केला: दाब एक व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जावा. मंद्र सा आणि मध्य सा यांतले अंतर एक व्होल्ट, मध्य आणि तार यांतलेही एकच व्होल्ट. एका दाबाने दुसऱ्या दाबावर हुकूम चालवायचा, हे या साऱ्या कारभाराचे मर्म आहे. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचना या यंत्रावर वाजवून तबकडी काढली, ती जगभर खपली. आणि १९७० साली मूगने कपाटाएवढ्या यंत्राची पेटी करून तिचे नाव मिनीमूग ठेवले.

आपल्याकडे हे यंत्र फार उशिरा आले अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच मूगचे मोठे यंत्र बसवले गेले. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर ते मांडून द्यायला आले होते. गीता साराभाई आणि इतर काही जणांनी त्यावर काम केले, फिती भरल्या, आणि त्या फिती कपाटात पडून राहिल्या. २०१७ च्या सुमारास पॉल पर्गस या इंग्लंडमधल्या कलावंताच्या हाती त्या लागल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक फितींची तबकडी निघाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षे कपाट कोणी उघडले नाही! आपल्या देशात कामाची नोंद ठेवण्याचा हा जो आळस आहे, त्याच्याशी माझी रोजचीच गाठ असते. हजेरीपत्रक नाही म्हणून माणूस कामावर नव्हताच, असे मी कोर्टात कितीदा ऐकले आहे.

आता हे यंत्र माझ्याकडे कसे आले ते. एक मास्तर होते. ऑर्केस्ट्रात वाजवायचे, लग्नात वाजवायचे, ध्वनिमुद्रणालाही जायचे. हे यंत्र त्यांनी १९८६ साली बोटीवर नोकरी करणाऱ्या एका गाववाल्याकडून मागवले आणि त्यासाठी घरातले काय काय गहाण पडले ते त्यांनी मला कधी सांगितले नाही, काकूंनी सांगितले. २००५ च्या सुमारास ते युनियनच्या कचेरीत आले. एका ध्वनिमुद्रण कंपनीकडे त्यांचे दोन वर्षांचे पैसे अडकले होते. नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण त्या प्रकरणात मी हरलो. मास्तरांजवळ कागद म्हणून एक चिठोरे नव्हते. पुढच्या वेळी देऊ, पुढच्या वेळी देऊ, असे सगळे तोंडी. मी पत्रे लिहिली, खेपा घातल्या, आणि अखेर हात टेकले. २०११ साली मास्तर वारले. काकूंनी मला बोलावून यंत्र न्या म्हणून सांगितले. मी किंमत देऊ केली, ती त्यांनी निम्मी करून घेतली. ज्याचे पैसे मी मिळवून देऊ शकलो नाही त्याचेच यंत्र अर्ध्या किमतीत घेऊन मी रिक्षात बसलो. तो प्रवास मला आठवतो.

घरी आणून लावले तर आजारी. या यंत्राला आवाज सहा. म्हणजे एका वेळी सहा स्वर वाजू शकतात. आत सहा स्वतंत्र मंडळे आहेत आणि नवी पट्टी दाबली की काम पुढच्याकडे जाते, पहिला, दुसरा, तिसरा, असे सहापर्यंत, मग पुन्हा पहिला. त्यांतला चौथा मुका झाला होता. त्यामुळे तुम्ही सारेगमपधनी वाजवले की एक स्वर गायब. पुन्हा वाजवले की भलताच स्वर गायब. पट्टीचा दोष आहे असे वाटावे, पण पट्टी निर्दोष. पाळीत सहा माणसे आहेत, एक गैरहजर आहे, आणि दर सहावे काम पडून राहते आहे, हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. खरे तर माझ्या धंद्यातल्या माणसाला दोन मिनिटांत कळायला हवे होते! ‘की ट्रान्स्पोज’चे बटण दाबून धरून यंत्र सुरू केले की प्रत्येक पट्टीबरोबर कोणता आवाज वाजतो आहे त्याचा आकडा दिसतो, हे पुढे मला इंग्रजी माहितीपुस्तकातून कळले.

रोग मोठा प्रसिद्ध आहे. या सहा आवाजांपैकी प्रत्येकासाठी एक चिप असते, तिच्यावर काळ्या राळेचा लेप दिलेला आहे. लेप दिला तो चिपच्या रक्षणासाठी. पण वयपरत्वे तोच लेप आतल्या आत वीज झिरपू देतो आणि चिपचा गळा धरतो. उपाय असा की, चिप सोडवून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवायची. दीड-दोन दिवसांनी लेप सुटतो, तो हलक्या हाताने काढायचा, आणि चिप पुन्हा डाग देऊन बसवायची. मी रेडिओदुरुस्तीच्या एका दुकानात लहानपणी उमेदवारी केलेली असल्याने डाग द्यायचा हात होता. अ‍ॅसिटोनच्या वासाने घरात जे बोलणे ऐकावे लागले ते येथे सांगण्यासारखे नाही. तिसऱ्या दिवशी चौथा आवाज बोलू लागला. आणि त्याच आनंदाच्या भरात मी माझ्या आयुष्यातली एक मोठी चूक केली.

या यंत्रात १२८ आवाजांची रचना साठवता येते. दोन गट, प्रत्येकात आठ ओळी, ओळीत आठ घरे. ती आठवण जिवंत ठेवण्यासाठी आत नाण्याएवढा लिथियमचा सेल असतो, तोही डाग देऊन पक्का बसवलेला. मी पाहिले, सेल जुना आहे. यंत्र उघडलेलेच आहे, तर बदलून टाकू. बदलला. झाकण लावले, वीज जोडली. १२८ घरांपैकी एकातही मास्तरांचे काही उरले नव्हते. सेल काढल्यावर आठवण जाते, आणि काढण्यापूर्वी ती कॅसेटवर उतरवून घ्यायची असते. यंत्राच्या पाठीमागे त्यासाठी खास जागा आहे. हे माहितीपुस्तकात लिहिले होते. मी ते पान वाचले नव्हते, कारण मला दुरुस्तीची घाई होती.

पंचवीस वर्षे एका माणसाने रात्री जागून केलेले आवाज. शहनाईसारखा एक, बिदाईला वाजवायचा, नाटकात पावसाचा एक, घुंगरांचा एक. मी ते एका सोल्डरिंग आयर्नने पुसून टाकले. कारखान्यातल्या अपघातांच्या चौकशीत मी पुष्कळदा बसलो आहे आणि ‘निष्काळजीपणा’ हा शब्द दुसऱ्यांविषयी वापरायला मला फार आवडत असे. त्यानंतर जरा जपून वापरतो.

काकूंना सांगायला आठवडा गेला. त्यांनी ऐकून घेतले, उठल्या, आणि रेशनकार्डाच्या पिशवीतून एक वही काढून दिली. मास्तरांनी पेन्सिलीने प्रत्येक आवाजाची मांडणी लिहिली होती. कोणता स्लायडर किती रेघांवर. १२८ पैकी ४१ आवाज वहीत होते. बाकीचे गेले ते गेले.

ती वही समोर ठेवून मी प्रोग्रॅमिंग शिकलो. शब्द मोठा आहे, काम मागावरच्या डॉबीसारखे आहे. इचलकरंजीकडच्या मंडळींना डॉबी सांगायला नको; खुंट्या कोठे बसवल्या यावर कापडाची वीण ठरते. येथे खुंट्यांऐवजी स्लायडर आहेत. डावीकडून उजवीकडे आवाजाचा प्रवास होतो. आधी मूळ कंपन: करवत हवी की चौकोन, खालच्या सप्तकातला जोड-स्वर किती, आणि ‘नॉइज’ म्हणजे वाफेसारखा फुसफुसाट किती. मग गाळणी. कच्च्या आवाजात सूक्ष्म स्वरांची गर्दी असते; गाळणी त्यांतले वरचे कापते. म्हणून ही सारी वजाबाकीची विद्या आहे. आधी भरपूर द्यायचे आणि मग नको ते काढायचे. गाळणीला ‘रेझोनन्स’ म्हणून एक स्लायडर आहे, तो चढवला की गाळणी जेथे कापते तेथलाच सूक्ष्म स्वर उठून गाऊ लागतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जिवारीचा दोरा सरकवताना एका जागी तार एकदम बोलू लागते, त्याच्या जवळची ही गोष्ट. त्यानंतर चार स्लायडर काळाचे: आवाज किती वेळात वर यावा, किती वेळात उतरावा, कोठे टिकावा, आणि बोट उचलल्यावर किती वेळ रेंगाळावा. पहिला शून्यावर ठेवला तर टिपरी पडल्यासारखा ठसका. वर नेला तर गज ओढल्यासारखा.

शेवटी ‘कोरस’. मला सर्वांत आवडणारा भाग. एका आवाजाची किंचित मागे पडलेली छाया करून ती मुळात मिसळायची, म्हणजे एकाचे अनेक भासतात. ही छाया करणाऱ्या चिपमध्ये २५६ टप्पे असतात आणि विजेचा चिमूटभर साठा एका टप्प्याकडून पुढच्याकडे दिला जातो. स्लॅब पडताना बायाबापड्यांची रांग घमेले हातोहात वर पाठवते ना? तंतोतंत तसे. इंग्रजीतही त्याला बादल्यांच्या रांगेचेच नाव आहे. ज्याने नाव ठेवले त्याने कधीतरी आगीवर पाणी मारणारी रांग पाहिली असली पाहिजे.

दोष सांगितला पाहिजे. या यंत्राचे स्वर पेटीसारखेच ठाम बांधलेले आहेत, श्रुती नाहीत. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली, आणि त्या बंदीमागचा आक्षेप खोटा होता असे मी म्हणणार नाही. बंदी मात्र खोटी होती. येथे डाव्या हाताशी एक दांडा आहे, तो कलता केला की स्वर सरकतो, थोडी मींड निघते. रोलँडचेच टीबी-३०३ नावाचे एक लहान यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ते यंत्र, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि जुपिटर-८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि १९८२ साली एचएमव्हीने तबकडी काढली. सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात वाजवून पोट भरणारा हा माणूस. तबकडी खपली नाही. पुढे शिकागोच्या तरुणांनी १९८७ साली त्याच टीबी-३०३ वर नाचाच्या संगीताची नवी तऱ्हा काढली, ती जगभर गाजली, आणि २०१० साली चरणजितांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले की, हा तर पाच वर्षे आधी! तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. २०१५ साली ते गेले.

आता १९८२ साल आलेच आहे तर माझ्या धंद्याविषयी थोडे बोलतो. नाहीतर चालकांना वाटेल की मी त्यांना अगदीच फसवले. त्या साली लंडनमध्ये वादकांच्या युनियनच्या मध्य लंडन शाखेने ठराव केला की, सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांच्यावर बंदी असावी. एका प्रसिद्ध गायकाच्या दौऱ्यात वाद्यवृंदाऐवजी सिंथेसायझर नेले होते, ते निमित्त. ठराव देशभराचे धोरण झाला नाही. वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली. अमेरिकेतही १९६९ साली तिथल्या महासंघाने जाहिरातींच्या करारात मूगवर बंधन घातले होते, ते पुढे उठले. आज हसणे सोपे आहे. ज्याचा व्हायोलिन पंचवीस वर्षे खांद्यावर आहे त्याला सोमवारी कळते की शुक्रवारपासून येऊ नका, त्याच्या जागी उभे राहून पाहा. माझे म्हणणे एवढेच की, भीती खरी होती, हत्यार चुकीचे होते. त्याच अमेरिकेत जेम्स पेट्रिलो याने १ ऑगस्ट १९४२ पासून तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावर संप पुकारला. त्याने तबकडी फोडा म्हटले नाही. तबकडीमागे काही रक्कम द्या म्हटले. दोन वर्षांहून अधिक काळ गेला, पण नोव्हेंबर १९४४ पर्यंत बड्या कंपन्याही नमल्या आणि त्या पैशातून वादकांना जाहीर, विनामूल्य जलशांत काम मिळू लागले. पेट्रिलो माणूस म्हणून हट्टी आणि हुकूमशहा होता, हेही खरे. पण मोजायचे काय ते त्याला समजले होते.

आणि आमच्याकडे? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी-संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. माझे वडील साचेखात्यात होते, मी बारा वर्षांचा होतो. त्या संपाचा इतिहास सांगायला हे स्थळ नव्हे. मला फक्त भोंगा सांगायचा आहे. चाळीत घड्याळ कोणाकडे नव्हते असे नाही, पण घड्याळ भोंग्यावर लावायचे असत. तो वाजायचा थांबला तेव्हा पहिले काही दिवस आई दचकून उठायची. आवाजाने नव्हे, आवाज न झाल्याने.

सहा वर्षांनी, १९८८ साली, कामगार नाट्यस्पर्धेतल्या एका एकांकिकेत काळोखात भोंगा वाजला. प्रेक्षकांत जुने गिरणीवाले होते. त्यांतले कितीतरी खुर्चीवरून उठून उभे राहिले. का उठलो हे त्यांचे त्यांनाच कळले नसावे. तो भोंगा पडद्यामागून मास्तर वाजवत होते, या यंत्रावर. मास्तरांचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते त्या रात्री. वहीत तो होता: पान उनतीस, ‘भोंगा’. करवत, जोड-स्वर पूर्ण, नॉइज दोन रेघा, गाळणी चारवर, चढ सहा, कोरस बंद. सगळे तसेच मांडले आणि पट्टी दाबली. मोटारीचा हॉर्न वाजला.

महिनाभर मी स्लायडर हलवत होतो. भोंगा खालून वर चढतो, टिकतो, आणि विझताना पुन्हा खाली उतरतो. आणि या यंत्राचे काळाचे चार स्लायडर गाळणीला आणि जोराला हात लावतात, स्वराच्या उंचीला लावत नाहीत. मग मास्तरांनी केले कसे? एके रात्री सहज डावा हात त्या दांड्यावर पडला. दांडा आधीच डावीकडे ओढून धरायचा, पट्टी दाबायची, आणि दांडा सावकाश मध्यावर येऊ द्यायचा. विझताना पुन्हा ओढायचा. दांड्याची हालचाल यंत्राच्या १२८ घरांत साठत नाही. वहीतही नव्हती. मास्तरांनी ती लिहिली नाही, कारण ती त्यांच्या मनगटात होती आणि मनगट त्यांच्याजवळच होते.

तेव्हा वडील हयात होते. त्यांना आणि त्यांच्या दोन सोबत्यांना खोलीत बसवून मी भोंगा वाजवला. तिघे तीन गिरण्यांचे. वडील म्हणाले, “हा आमचा नाही. आमचा घोगरा होता.” मी नॉइज अर्धी रेघ चढवला. दुसरे म्हणाले, “आता बिघडवलास. मघाचा बरोबर होता, फक्त जरा खालचा पाहिजे.” तिसऱ्यांचे मत असे पडले की, दोघांनाही ऐकू येत नाही. त्यावरून जो वाद पेटला तो रात्रीच्या जेवणापर्यंत चालला आणि त्यात १९८२ सालचे कोण फुटले आणि कोण नाही हेही निघाले. मी तिघांचे तीन भोंगे वेगळे केले आणि ‘ब’ गटाच्या आठव्या ओळीत पहिल्या तीन घरांत ठेवले. वडिलांच्या भोंग्याबद्दल त्यांनी अखेरपर्यंत होकार दिला नाही. “जवळ आलाय,” एवढेच म्हणत.

काकूंकडे यंत्र घेऊन गेलो तेव्हा त्यांनी भोंगा ऐकायला नकार दिला आणि शहनाई लावायला सांगितले. ती वहीत नव्हती. त्यांनी गुणगुणून दाखवले आणि मी स्लायडर हलवत राहिलो. अजून दर दिवाळीला जातो. काम चालू आहे.

आता पुरे. यंत्र सुरूच आहे, लवकर सुरू करून तापवून ठेवले आहे. ज्यांना हात लावून पाहायचा असेल त्यांनी रांगेने वर यावे. मुलांना आधी येऊ द्यावे. गाळणीचा पहिला स्लायडर सैल झाला आहे, तो बेताने ओढा. आणि मागच्या बाजूला आठवण राखण्याचा खटका आहे, त्याला कृपा करून कोणीही हात लावू नका.